चेक इंजिन दिवा : पी०१७१, पी०३०२ आणि पी०५६२ एकत्र. ऑक्सिजन सेन्सर की ईसीयू?

सफेद_हॅचबॅक

गाडी १.२ लिटर, चार सिलेंडर, कंपनी फिटेड सीएनजी, २०१८ चं बीएस४ मॉडेल, ७८,००० किमी, पुण्यात चालते. चेक इंजिनचा दिवा कायम लागलेला, लुकलुकत नाही. सकाळी सेल्फ मारल्यावर पहिली चार-पाच मिनिटं आयडलला थरथर आणि अधूनमधून मिसिंग. नंतर गाडी ठीक चालते, पिकअपची तक्रार नाही.

ब्लूटूथ डाँगल लावून मोबाइलवर काढलेले कोड:

पी०१७१ : कन्फर्म्ड
पी०३०२ : पेंडिंग
पी०५६२ : पेंडिंग

पी०१७१ ची फ्रीज फ्रेम (कोड पडला त्या क्षणीचे आकडे): आरपीएम ७६०, वेग ०, कूलंट ८४ अंश, शॉर्ट टर्म ट्रिम +६.३, लाँग टर्म ट्रिम +२१.१.

एका गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितलं. दुसऱ्याने तीन कोड बघून थेट ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असं ठरवलं. व्हिडिओ बघावेत तर सगळे व्हॅक्यूम लीक शोधायला सांगतात. सुरुवात कुठून करू? घरी मल्टिमीटर आणि पान्यांचा सेट आहे, फ्युएल प्रेशर गेज नाही.

दहाचा_पाना

आधी एक पथ्य: कोड इरेज करू नका. इरेज केलं की फ्रीज फ्रेमही पुसली जाते आणि सगळ्यात कामाची माहिती तीच असते. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पी०१७१ म्हणजे बँक १ लीन, हवा जास्त आणि इंधन कमी. बँक म्हणजे सिलेंडरची रांग, तुमच्या चार सिलेंडरला ती एकच. यात सेन्सर खराब आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. ईसीयूने हिशोबाने पेट्रोल सोडलं, ऑक्सिजन सेन्सर म्हणाला की धुरात ऑक्सिजन उरतोय, ईसीयू पेट्रोल वाढवत गेला आणि शेवटी वाढवायची मर्यादा आली. कोडचा अर्थ एवढाच. ही टक्क्यांतली वाढ-घट म्हणजेच ट्रिम: शॉर्ट त्या क्षणाचा, लाँग ईसीयूने लक्षात ठेवलेला. दोन्हींची नेहमी बेरीज करा: ६.३ + २१.१ = २७.४ टक्के. धडधाकट गाडीत ही बेरीज साधारण दहाच्या आत असते. सेन्सरच मेला असता तर बहुधा पी०१३० ते पी०१३५ पैकी काहीतरी आलं असतं.

पी०३०२ म्हणजे दोन नंबर सिलेंडरला मिसफायर. हे ईसीयूला क्रँक सेन्सरवरून कळतं: दर पॉवर स्ट्रोकला क्रँकला किंचित धक्का मिळतो, दोन नंबरच्या पाळीला तो मिळत नाही. दोष कॉईलचा, प्लगचा, नोझलचा की कॉम्प्रेशनचा, हे त्याला ठाऊक नसतं. पण नोझलची वायर तुटली असती तर पी०२०२ आला असता आणि कॉईलचं प्रायमरी सर्किट गेलं असतं तर पी०३५२. दोन्ही आलेले नाहीत. न आलेले कोडही लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतात.

आता घोळ असा की हे दोन कोड एकमेकांना जन्म देऊ शकतात. प्लग पेटला नाही तर त्या सिलेंडरमधली न वापरलेली हवा तशीच बाहेर जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि तो 'लीन' ओरडतो, वास्तविक पेट्रोल पुरेसं असतं. उलट मिश्रण खरंच लीन असेल तर पेटायला कुरकुर करतं आणि मिसफायर होतो. आधी कोण, हे ठरेपर्यंत पार्टच्या दुकानात जाऊ नका.

आणि हे ठरवायला तुमच्याकडे फुकटचं साधन आहे, ते म्हणजे दोन इंधनं. ऑक्सिजन सेन्सर, मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), इनटेक गॅस्केट, सेन्सरच्या अलीकडची सायलेन्सरची गळती, प्लग, कॉईल, टॅपेट, कॉम्प्रेशन हे सगळं पेट्रोलला आणि गॅसला एकच आहे. वेगळं काय? पेट्रोलकडे पंप, फिल्टर, रेग्युलेटर आणि चार नोझल. गॅसकडे रिड्यूसर, गॅस फिल्टर आणि गॅसच्या इंजेक्टरची रेल. तेव्हा हे रीडिंग घ्या:

१. चावी ऑन, इंजिन बंद: मॅप सेन्सर किती किलोपास्कल दाखवतो.
२. इंजिन पूर्ण तापल्यावर पेट्रोलवर आयडल, मग २,५०० आरपीएमला अर्धा मिनिट धरून, मग चढावर तिसऱ्या गिअरमध्ये. दर वेळी दोन्ही ट्रिम. गाडी चालवताना मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या.
३. स्विच दाबून सीएनजीवर. लगेचचे आकडे आणि वीस मिनिटांनंतरचे आकडे वेगवेगळे लिहा.
४. अ‍ॅपमध्ये मोड ०६ (ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकाल) दिसत असेल तर सिलेंडरवार मिसफायरची मोजणी, दोन्ही इंधनांवर.

आणि सांगा, दिवा लागला तेव्हा गाडी कशावर चालत होती?

बोनेट_उघडा

मी तर आधी इनटेक लीकच बघेन. मॅनिफोल्ड गॅस्केट, पीसीव्हीची होज (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये परत नेणारी), ब्रेक बूस्टरचा पाइप. कार्ब क्लीनरचा बारीक फवारा एकेका सांध्यावर मारायचा, आरपीएम हलला की सापडला. आयडलला ट्रिम जास्त आणि रेस केल्यावर कमी, हा लीकचा ठसा. पाच मिनिटांचं काम आहे.

ओहम_शांती

@बोनेट_उघडा, ठसा बरोबर सांगितलात, पण तो मास एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीचा. परदेशी व्हिडिओत बहुतेक त्याच गाड्या असतात. तिथे हवा फिल्टरच्या पुढेच मोजली जाते. मोजणीनंतर चोरवाटेने शिरलेली हवा ईसीयूला दिसत नाही, म्हणून मिश्रण लीन होतं.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर नसतो, मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर असतो. लीक झाली की मॅनिफोल्डचं प्रेशर वाढतं, मॅप ते बघतो आणि ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोलही वाढवतो. मिश्रण जवळपास बरोबरच राहतं. चढतो तो आयडलचा आरपीएम, किंवा तो आवरायला थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त मिटलेला दिसतो. एकाच सिलेंडरच्या रनरजवळ लीक असेल तर तेवढ्या सिलेंडरला मिसफायर होऊ शकतो, हे मान्य. पण सगळा ट्रिम +२१ ला नेण्याइतकी लीक असेल तर आयडल बोंबलत असायला हवं, इथे ते ७६० आहे.

गाडीत कोणता सेन्सर आहे ते अ‍ॅपच्या लाइव्ह डेटात कळतं: 'मॅप' किलोपास्कलमध्ये दिसतो की 'मॅफ' ग्रॅम प्रतिसेकंदात. काही अ‍ॅप मॅपवरून हिशोब करून मॅफचा आकडा दाखवतात, त्याला भुलू नका.

मॅपची तपासणी सोपी आहे. चावी ऑन, इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत १०० ते १०१, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६-८७. पुण्यात तो ८० दाखवत असेल तर ईसीयू हवा कमी समजतोय, पेट्रोल कमी सोडतोय, आणि मग लीन कोडचा धनी तोच.

आणि फवारा मारायचाच तर इंजिन थंड असताना. तापलेल्या एक्झॉस्टवर कार्ब क्लीनर पेट घेतो.

सफेद_हॅचबॅक

मॅनिफोल्डवर मॅप सेन्सरच आहे, हवा मोजणारा नाही. रीडिंग असे:

चावी ऑन, इंजिन बंद: मॅप ९५.
पेट्रोल, आयडल: शॉर्ट +३.१, लाँग +२१.१, मॅप ३४.
पेट्रोल, २,५०० आरपीएम: शॉर्ट +२.३, लाँग +२०.३.
पेट्रोल, चढ: शॉर्ट +५.५, लाँग +२१.९.
सीएनजीवर टाकल्याबरोबर, आयडल: शॉर्ट −१७.२, लाँग +२१.१.
सीएनजी, वीस मिनिटांनी: शॉर्ट +०.८, लाँग +३.१.

मोड ०६ मध्ये दोन नंबर सिलेंडरची मोजणी पेट्रोलवर वाढते, सीएनजीवर शून्य. बाकी तिन्ही दोन्हीकडे शून्य.

दिवा लागला तेव्हा गाडी सलग दोन दिवस पेट्रोलवर होती, सीएनजी पंपावर गॅसच नव्हता. एरवी सकाळची पाच मिनिटं सोडली तर गाडी कायम गॅसवर.

दहाचा_पाना

तुमच्या शेवटच्या वाक्यातच अर्धं उत्तर आहे. तरी आकड्यांवरून जाऊ.

सीएनजीवर टाकल्याबरोबरची बेरीज: −१७.२ + २१.१ = +३.९. वीस मिनिटांनंतरची: +०.८ + ३.१ = +३.९. बेरीज तीच आहे, फक्त शॉर्टचा भार लाँगने उचलला. म्हणजे गॅसवर मिश्रण अगदी बरोबर आहे, आणि तुमच्या गाडीत लाँग ट्रिमची वही दोन्ही इंधनांना एकच आहे. (काही गाड्यांत वेगळी असते.) एकटा लाँग ट्रिम बघून निदान केलं असतं तर पहिल्या मिनिटाला गॅसवरही गाडी लीन वाटली असती.

सकाळच्या थरथरीचा उलगडाही इथेच होतो. रात्री गॅसवर बंद केलेल्या गाडीच्या वहीत +३ लिहिलेलं असतं. सकाळी ती पेट्रोलवर सुरू होते, तिला हवे असतात वीस-बावीस टक्के जास्त. ऑक्सिजन सेन्सर गरम होऊन ईसीयू सावरेपर्यंत मिश्रण लीन, इंजिन थंड, त्यामुळे दोन नंबर मिस मारतो.

आता संशयितांच्या यादीवर काट मारू. ऑक्सिजन सेन्सर खोटं बोलत असता तर गॅसवरही बोलला असता: सुटला. इनटेक लीक, सायलेन्सरची गळती, मॅप: तिन्ही सुटले. प्लग आणि कॉईल: गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून कमजोर कॉईल किंवा झिजलेला प्लग आधी गॅसवर मिस मारतो. तुमचा गॅसवर एकदाही मारत नाही: सुटले. टॅपेट टाइट होऊन व्हॉल्व्ह नीट बसत नसेल (गॅसच्या गाड्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, तेव्हा हे होतं) तर तेही दोन्हीकडे दिसलं असतं.

उरला पेट्रोलचा रस्ता. पंप किंवा फिल्टर कमी पडत असेल तर ताण आला की तूट वाढते: आयडलला ट्रिम बरा आणि चढावर वर पळतो. तुमचा २४, २३, २७, जवळपास सपाट. शिवाय पंप कमजोर असता तर चारही सिलेंडर उपाशी राहिले असते, एकटा दोन नंबर नाही. माझा अंदाज: चारही नोझल थोडी चिकटली आहेत आणि दोन नंबरचं जास्त. गाडी वर्षानुवर्षं गॅसवर चालते, नोझलच्या टोकाशी अडकलेलं पेट्रोल इंजिनच्या उष्णतेने आटतं आणि त्याचा राळेसारखा थर बसतो. नोझलमधून रोज पेट्रोल वाहत असतं तर तो धुतला गेला असता.

तरी नोझल काढण्यापूर्वी प्रेशर गेज लावून घ्याच. पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत ३ ते ४ बार असतं, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला धरा. इंजिन बंद केल्यावर प्रेशर झपाट्याने पडत असेल तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा गळकं नोझल.

ओहम_शांती

नोझल काढायच्या आधी पी०५६२ मिटवा, तो या सगळ्यात हात घालू शकतो. पी०५६२ म्हणजे सिस्टिम व्होल्टेज कमी. नोझल उघडायला लागणारा वेळ व्होल्टेजवर अवलंबून असतो, व्होल्टेज कमी तर नोझल उशिरा उघडतं. ईसीयू त्याची भरपाई करतो, पण स्वतःला दिसणाऱ्या व्होल्टेजवरून. नोझलच्या कपलरपर्यंत पोचणारं व्होल्टेज गंजलेल्या रिलेमुळे आणखी कमी असेल तर त्याला कळायला मार्ग नाही.

इंजिन चालू, हेडलाइट, एसीचा ब्लोअर आणि मागच्या काचेचा डिफॉगर चालू करून मोजा:

बॅटरीच्या दोन टोकांवर: १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान.
अ‍ॅपमध्ये 'कंट्रोल मॉड्यूल व्होल्टेज': बॅटरीच्या आकड्यापेक्षा ०.२ च्या आतच कमी. इथे एक फसगत होते. अ‍ॅपच्या कोपऱ्यात जे व्होल्टेज दिसतं ते बहुधा डाँगलने स्वतः सॉकेटमध्ये मोजलेलं असतं, ईसीयूचं नव्हे. यादीतून नावाने निवडा.
मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नको, खांबावर), लाल वायर इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर: ०.१ च्या आत. सेल्फ मारताना ०.३ पर्यंत चालेल.
तीच काळी वायर तिथेच, लाल बॉडीवर: ०.१ च्या आत.
नोझलच्या कपलरची पॉझिटिव्ह वायर: बॅटरीच्या जवळपास तेवढंच.

मीटरची पिन वायरच्या आवरणात खुपसू नका. पुढच्या पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवा.

आता ईसीयूबद्दल. डाँगल कोड वाचतोय, लाइव्ह डेटा हलतोय, चावी ऑन केल्यावर दिवा लागतोय, म्हणजे ईसीयूला वीज आणि अर्थिंग मिळतंय आणि त्याचा प्रोसेसर चालतोय. तो स्वतःच्या आतलं बिघडलं की सहसा पी०६०१, पी०६०५, पी०६०६ असे कोड देतो. नोझल किंवा कॉईल चालवणारा एखादा आतला ट्रान्झिस्टर तेवढा जळू शकतो, पण मग पी०२०२ किंवा पी०३५२ सारखा सर्किटचा कोड दिसतो. शिवाय इथे तोच ईसीयू, त्याच कॉईल चालवून, गॅसवर गाडी बिनतक्रार पळवतो आहे.

ईसीयूवर शेवटचा शिक्का मारण्यापूर्वी एवढं तपासलेलं असावं: मेन रिलेमधून येणारं १२ व्होल्ट, अर्थिंगच्या सगळ्या पिना, सेन्सरना जाणारं ५ व्होल्ट. या ५ व्होल्टची एक लाइन दोन-तीन सेन्सर वाटून घेतात. एक सेन्सर आत शॉर्ट झाला की बाकीचेही कोड टाकतात आणि वरवर बघणाऱ्याला वाटतं ईसीयू भ्रमिष्ट झाला. अशा वेळी सेन्सरचे कपलर एकेक काढत जायचं. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतं तो चोर. टेस्ट लॅम्प या लाइनला लावू नका, मीटरच वापरा. आणि स्कॅनर बोलतच नसेल, यू०१०० (ईसीयूशी संपर्क तुटल्याचा कोड) येत असेल, तर बॅटरीची वायर काढून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबर पिनमध्ये रोध मोजा. साधारण ६० ओहम हवा. १२० आला तर कॅन लाइन (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती वायरची जोडी) एका बाजूला तुटली, शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट. हे उंदरांचं काम असू शकतं. पावसाळ्यात बोनेटखाली त्यांची वस्ती असते, तेव्हा हार्नेसची टेप एकदा नजरेखालून घाला.

दुसऱ्या गाडीचा जुना ईसीयू आणून बसवू असं कोणी म्हटलं तर विचारा, इमोबिलायझरला चावी मॅच करणार का. नाहीतर गाडी सुरूच होणार नाही.

सफेद_हॅचबॅक

बॅटरीवर सगळं चालू असताना १३.७. कंट्रोल मॉड्यूल व्होल्टेज १३.२. बॅटरी निगेटिव्ह ते ब्लॉक ०.३८. बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी ०.०५. नोझलच्या कपलरवर, बॅटरीच्या निगेटिव्हपासून मोजलं तर १३.६.

ओहम_शांती

मग गुन्हेगार इंजिनची अर्थिंग पट्टी. बॉडीला ०.०५ आणि ब्लॉकला ०.३८, म्हणजे बॉडी ते इंजिन या मधल्या पट्टीतच ०.३३ व्होल्ट अडतंय. ईसीयूची अर्थिंग इंजिनवर बोल्ट केलेली असते, ती तेवढी वर उचलली जाते आणि ईसीयूला बॅटरीच कमी वाटते. पट्टीची दोन्ही टोकं काढा, धातू चमकेपर्यंत पॉलिश पेपर मारा, बोल्ट घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली. तार आतून हिरवी झाली असेल तर पट्टी नवीन टाका. नोझलचा सप्लाय ठीक आहे, ती शंका गेली.

बोनेट_उघडा

मॅपवाल्या गाडीचा मुद्दा मान्य, माझ्या डोक्यात व्हिडिओतलीच गाडी होती. नोझल घरी काढायची असतील तर क्रम असा:

सीएनजीच्या टाकीचा हातव्हॉल्व्ह बंद. भरलेल्या टाकीत २०० बार असतात, त्या बाजूच्या एकाही नटाला पाना लावायचा नाही. गाडी पेट्रोलवर आयडलला ठेवून पंपाचा फ्यूज काढा, स्वतःहून बंद पडू द्या, मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारून रेलमधलं उरलेलं प्रेशर संपवा. त्यानंतर बॅटरीचं निगेटिव्ह काढा.

नोझलच्या बुडाशी साचलेली माती हवेने उडवा. हे विसरलात तर नोझल उचलताच ती थेट इनटेक पोर्टमध्ये पडते. रेलचे दोन बोल्ट काढून रेल चारही नोझलसकट सरळ वर उचला, वाकडी ओढली तर ओ-रिंग फाटतात. नोझलवर मार्करने १ ते ४ लिहा, नाहीतर पुढची सगळी मोजणी वाया.

रोध मोजा: अशा नोझलचा बहुधा १२ ते १६ ओहम असतो आणि चौघांत फारसा फरक नसावा. पुढचं काम टेस्ट बेंच असलेल्याकडे. त्याला तीन गोष्टी मागा: साफ करण्यापूर्वीचं माप, प्रेशरखाली मिनिटभर धरून थेंब गळतो का, आणि साफ केल्यानंतरचं माप. आधीचं माप घेतलं नाही तर दोष नोझलचाच होता हे कशावरून ठरवणार? अल्ट्रासॉनिक टबात नोझलला पल्स देत ठेवायला हवं, नुसतं बुडवून आतला थर सुटत नाही. आतली बारीक जाळी आणि ओ-रिंग नवीन.

टाकीत ओतायच्या क्लीनरच्या बाटलीने किरकोळ थर जातो. पण तुमचं पेट्रोल जेमतेम सकाळची पाच मिनिटं वापरलं जातं, ती सगळी बाटली नोझलमधून जायला महिने लागतील.

बसवताना ओ-रिंगला इंजिन ऑइलचा एक थेंब. चावी दोन-तीन वेळा ऑन-ऑफ करून पंपाला प्रेशर भरू द्या आणि सेल्फ मारण्यापूर्वी टॉर्चने प्रत्येक सांधा बघा. पेट्रोलचा वास आला तर पुढे जाऊ नका.

सफेद_हॅचबॅक

अर्थिंग पट्टीच्या इंजिनकडच्या टोकाला पांढरट-हिरवा थर होता. साफ केल्यावर ब्लॉकला ०.०४ आणि कंट्रोल मॉड्यूल व्होल्टेज १३.६. फ्युएल प्रेशर मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे, चढावरही स्थिर.

बेंचवरचं माप, त्याच पार्ट नंबरचं नवं नोझल ६० मिली देतं त्या वेळेत:

साफ करण्यापूर्वी: ५५, ४३, ५६, ५४.
नंतर: ५९, ५७, ६०, ५९.

गळती एकालाही नव्हती. बसवल्यावर पेट्रोलवर आयडलला शॉर्ट +०.८, लाँग +७.०. दोन नंबरची मिसफायर मोजणी शून्य. सकाळची थरथर गेली.

दोन प्रश्न उरले. नोझल जवळपास नव्यासारखी झाली, तरी ट्रिम +७ वर का अडकलाय? आणि दिवा अजून लागलेला आहे, कोड पुसू की आपोआप जाईल?

शून्य_ट्रिम

साफ करण्यापूर्वीची सरासरी ५२ मिली. ६० चं काम ५२ ने भागवायचं तर नोझल १५ टक्के जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. तुमची तूट मात्र २४ होती. राहिलेले नऊ टक्के कुठले? त्यातले गॅसवरही दिसणारे तीन-चार टक्के गाडीचे स्वतःचे, तेवढं मागेपुढे प्रत्येक इंजिनात असतं. उरलेले पेट्रोलचे.

पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. ई२० चा आकडा १३.५ च्या आसपास येतो, ई१० चा १४.१. म्हणजे तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० सात-आठ टक्के जास्त सोडावं लागतं, ई१० च्या तुलनेत चार टक्के. २०१८ च्या गाडीचा मूळ हिशोब ई२० साठी लिहिलेला नाही, म्हणून हा फरक ट्रिममध्येच दिसणार. नोझलचे उरलेले दोन टक्के, ई२० चे चार-पाच, गाडीचा स्वतःचा थोडा, झाले सात-आठ. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. एवढंच की कोड यायला जी वीस-पंचवीस टक्क्यांची मोकळी जागा होती, त्यातली काही इथेनॉलने आधीच घेतलीय. पूर्वी नोझल जितकी चिकटेपर्यंत दिवा लागत नव्हता, आता त्याच्या बऱ्याच आधी लागेल.

दहाचा_पाना

दिव्याबद्दल: दोष नसलेल्या लागोपाठ तीन ड्राइव्ह सायकल झाल्या की तो स्वतः विझतो आणि पुढे ४० वॉर्म-अप झाल्यावर कोडही मेमरीतून जातो. ड्राइव्ह सायकल म्हणजे नुसतं चालू-बंद नव्हे. ईसीयूला ती तपासणी पूर्ण करता येईल इतकी गाडी चालावी लागते. तुमच्या बाबतीत हे पेट्रोलवर व्हायला हवं, म्हणून दोन-तीन दिवस गॅसवर टाकू नका. इरेज केलं तरी चालेल, पण मग लाँग ट्रिम शून्यावर जाईल, सगळे रेडिनेस मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या) 'अपूर्ण' दाखवतील आणि पहिले काही किलोमीटर आयडल हलेल.

पुढे आठवड्यातून एकदा तापलेल्या इंजिनाने १५-२० किमी पेट्रोलवर चालवा आणि महिन्याने पेट्रोलवर दोन्ही ट्रिमची बेरीज बघा. पंधराच्या वर चढायला लागली तर दोन नंबरचं नोझल पुन्हा बेंचवर. तेव्हाही ते बाकीच्यांपेक्षा मागे पडलं तर परत साफ करत बसू नका, ते एक नवीन घ्या. आणि डाँगल सॉकेटमध्ये ठेवून गाडी आठवडाभर उभी करू नका, तो बॅटरी खात राहतो.